जीर्णोद्धाराचा विवेक

जुनी वस्तु दुरुस्त करावी कीं टाकून द्यावी, आणि दुरुस्त करावयाची तर तिचा कोणता भाग राखावा व कोणता बदलावा, हा प्रश्न फार प्राचीन आहे. आपल्याकडे त्या कृतीला जीर्णोद्धार असें भारदस्त नांव आहे. परळीच्या वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत केला. दगड नवे बसले, पण क्षेत्र तेंच राहिलें. आज हाच प्रश्न बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव यांसारख्या गांवांतील सुशिक्षित घरांत एका अगदीं निराळ्या वस्तूच्या निमित्तानें उभा राहतो. ती वस्तु म्हणजे मुलांचा खेळाचा संगणक, ज्याला तीं ‘गेमिंग पीसी’ म्हणतात. सात-आठ वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेलें हें यंत्र आतां थकलेलें असतें. नवा खेळ त्यावर अडखळत चालतो, पंखा घरघरूं लागतो, आणि एके दिवशीं चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, ग्राफिक्स कार्ड बदलूं या.’ बाबा उत्तर देतात, ‘चालतें आहे तोंवर चालूं दे. बंद पडलें कीं मग पाहूं.’ पुढें चार दिवस घरांत अबोला राहतो.

अशा घरगुती कुरबुरीला मासिकाचीं पानें कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, नीतीचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उद्भवतात हा एक भ्रम आहे. राज्य चालविण्याचा प्रसंग आपणांपैकीं फारच थोड्यांवर येतो. मोजक्या पैशांत थकलेल्या वस्तूचें काय करावें हें ठरविण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो, आणि गरज कोणती व हांव कोणती याची निवड तेथें करावीच लागते. वरील संवादांत बापलेक दोघेही एकाच ठिकाणीं चुकतात असें आम्हांस वाटतें. कोणता भाग अडतो आहे हें न पाहतां कोणता हवासा वाटतो तें मुलानें सांगितलें. आणि एकही भाग न पाहतां वडिलांनीं सबंध यंत्रावर निकाल दिला. पाहण्याचें काम दोघांनींही केलें नाहीं.

ज्या वाचकांनीं संगणकाची पेटी कधीं उघडून पाहिली नसेल त्यांच्याकरितां येथें चार शब्द सांगणें अवश्य आहे. पेटींत मदरबोर्ड नांवाचा एक पाट असतो व त्यावर बाकीचीं अंगें बसतात. प्रोसेसर हिशेब करतो. रॅम हें त्याचें कामाचें टेबल व डिस्क हें कागदपत्रांचें कपाट. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचें चित्र रंगवितें. आणि पॉवर सप्लाय सर्वांना लागेल तितकी वीज पोचवितो. खेळ चालूं असतांना सेकंदाला साठ चित्रें दाखवावयाचीं, तर प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागांत तयार व्हावें लागतें. कोण कोठें उभा आहे, बाण कोणास लागला, हें प्रोसेसर ठरवितो; तें दृश्य कार्ड रंगवितें. दोघांपैकीं ज्याला उशीर होईल त्याच्यासाठीं दुसरा थांबून राहतो. म्हणजे यंत्राचा वेग त्याच्या सर्वांत बलवान् भागावरून ठरत नाहीं. त्या कामापुरता जो सर्वांत अशक्त भाग असेल त्यावरून ठरतो.

हें तत्त्व आमच्या जिल्ह्यानें फार मोठ्या प्रमाणावर अनुभविलें आहे. परळीचें औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ सालापासून वीज देत आलें. २०१३ च्या दुष्काळांत त्याची क्षमता ११३० मेगावॉट होती. बाष्पपात्रें जागेवर होतीं, जनित्रें शाबूत होतीं, कामगार हजर होते. परंतु धरणांतलें पाणी आटलें आणि सबंध केंद्र बंद ठेवावें लागलें. २०१५ सालीं पुन्हां तेंच झालें. त्या दिवसांत कोणी आणखी एक उत्तम जनित्र आणून बसविलें असतें तर एक दिवाही अधिक लागला नसता. संगणकशास्त्रांत हाच विचार जीन अ‍ॅमडाल या अभियंत्यानें १९६७ सालीं मांडला. एखादें काम शंभर सेकंदांचें असेल आणि त्यांतले चाळीस सेकंदच एका भागाकडे जात असतील, तर तो भाग कितीही वेगवान् केला तरी उरलेले साठ सेकंद कांहीं केल्या कमी होत नाहींत. शेतकऱ्याला हें निराळ्या शब्दांत ठाऊकच आहे: ज्या द्रव्याची जमिनींत उणीव असेल तें सोडून दुसरेंच खत कितीही ओतलें तरी पीक वाढत नाहीं.

तेव्हां पहिलें कर्तव्य परीक्षेचें आहे, आणि ही परीक्षा फुकट होते. खेळांतील चित्राची बारकाई, म्हणजे रेझोल्यूशन, कमी करून पाहावी. वेग एकदम वाढला तर ग्राफिक्स कार्ड दमलें होतें. वेग जवळजवळ तितकाच राहिला तर प्रोसेसर अडवीत होता, व मग महागडें कार्ड आणूनही पदरीं निराशाच यावयाची. खेळ उघडावयासच चारपांच मिनिटें लागत असतील तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागीं एसएसडी घातल्यानें म्हातारें यंत्र जितकें तरतरीत होतें तितकें त्या किंमतींत दुसऱ्या कशानेंही होत नाहीं. आणि खेळ आरंभीं नीट चालून अर्ध्या तासानें मंदावत असेल, तर कांहीं विकत घेण्यापूर्वीं पेटी उघडावी. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि धूळ तर बारमाही आहे. ती धूळ पंख्यांत व उष्णता वाहून नेणाऱ्या पात्यांत साचते. प्रोसेसरावरचा लेप वाळून जातो. आणि जीव वाचविण्याकरितां प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवितो. कुंचला, नवा लेप आणि रविवारची एक सकाळ एवढ्यावर हा रोग पुष्कळदां बरा होतो. जुन्या यंत्राचा पहिला जीर्णोद्धार झाडणें-पुसणें हाच होय.

येथें कोणी म्हणेल कीं, ही तर मिस्त्रीची विद्या झाली, यांत नीतीचा संबंध काय? संबंध असा कीं, इच्छेची दृष्टि स्वभावतःच सबळाकडे वळते. ज्या भागाची जाहिरात होते, ज्याच्यावर रंगीत दिवे लागतात, ज्याचा आंकडा मित्राला सांगतां येतो, तो भाग आपल्याला हवासा वाटतो. पॉवर सप्लायची फुशारकी आजवर कोणी मारल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि तरीही, विजेचा दाब खालींवर होणाऱ्या आमच्या गांवांत तो हलक्या प्रतीचा असला तर एखाद्या दिवशीं तो स्वतः जातो आणि शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. जें अशक्त आहे तें बहुधा गप्प असतें. त्याच्याकडे लक्ष जाण्याकरितां मनाला मुद्दाम वळवावें लागतें, आणि हें वळवणें म्हणजेच विवेक. लहानपणीं संगणकाच्या पेटींत जो हें शिकला, त्याला पुढें एखादी संस्था किंवा नगरपालिका हातीं आल्यावर इमारतीच्या दर्शनी भागाला रंग देण्यापूर्वीं गळकें छप्पर आठवण्याची शक्यता तरी आहे.

परंतु अशक्त भाग सांपडला व बदलला म्हणजे प्रश्न संपला असें नाहीं. एक भाग सबळ झाला कीं भार नाहींसा होत नाहीं. तो दुसरीकडे सरकतो. याचें उदाहरणही आम्हांस दूर शोधावयास नको. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीकरितां पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्यांतील गाडीवानांची बैलगाडी पूर्वीं लाकडी चाकांची, लोखंडी धांवेची होती. पुढें साखर कारखान्यांनीं रबरी टायरच्या गाड्या आणल्या. चाक हलकें फिरूं लागलें ही सुधारणा खरीच. पण चाक हलकें झालें म्हणून गाडींत ऊस अधिक भरला जाऊं लागला. आणि ऊस अधिक भरावयाचा म्हणून तोडणाऱ्या नवराबायकोला अधिक तोडावा लागला. बैल मात्र तेच राहिले, आणि उतारावर तो वाढलेला भार त्यांच्याच मानेवर येऊं लागला. गाडीचा अशक्त भाग चाक होता. तो सुधारल्यावर अशक्त भाग बैल ठरला, आणि त्याच्या पाठोपाठ माणूस ठरला.

संगणकांतही भार असाच सरकतो. नवें कार्ड आलें कीं जुना पॉवर सप्लाय अपुरा पडतो. तो बदलला कीं पेटींतली उष्णता वाढते व पंखे बदलावे लागतात. इतक्या उत्तम कार्डाला हा जुना मॉनिटर शोभत नाहीं असें मग वाटूं लागतें. फ्रेंच लेखक दिदेरो यानें १७६९ सालीं आपल्या जुन्या झग्याविषयीं एक निबंध लिहिला आहे. कोणी तरी त्याला नवा उंची झगा दिला. त्या झग्यापुढें खोलींतलें टेबल, खुर्ची, भिंतीवरचीं चित्रें एकेक करून हीन दिसूं लागलीं आणि एकेक करून बदललीं गेलीं. जुन्या झग्याचा आपण धनी होतों, नव्याचे आपण दास झालों, असा त्याच्या तक्रारीचा आशय आहे. या सांखळीला गांठ कोठें मारावी हें पहिली कडी घेण्यापूर्वींच ठरलें पाहिजे.

सुदैवानें संगणकांत अशी एक नैसर्गिक सीमा आहे. मदरबोर्डावरच्या ज्या खाचेंत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचें एएम४ नांवाचें सॉकेट २०१६ सालीं आलें, आणि खेळांकरितां नांवाजलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर त्याच सॉकेटाकरितां २०२२ सालीं निघाला. मदरबोर्डाची बायोस ही मूळ आज्ञावली अद्ययावत् केल्यावर अनेक जुन्या पाटांनीं तो सामावून घेतला. अशा पाटाच्या धन्याला एकच भाग बदलून आणखी चारपांच वर्षें काढतां येतात. परंतु जेथें सॉकेट संपलें तेथें मदरबोर्ड बदलावा लागतो. नवा पाट एएम५ चा असेल तर जुनी डीडीआर४ रॅम त्यावर चालत नाहीं, डीडीआर५ घ्यावी लागते. आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें रॅमचे भाव जगभर भडकल्याचें सर्वांनीं पाहिलें. इतकें सगळें बदलावयाचें असेल तर त्याला दुरुस्ती म्हणूं नये. तो नवा संगणक आहे, आणि नव्याच्या किंमतीशींच त्याची तुलना व्हावी. ‘एवढाच एक भाग’ असें म्हणत म्हणत नवें यंत्र घरांत आणणें हें वडिलांशीं आणि स्वतःशींही अप्रामाणिकपणाचें आहे.

झीज आणि फर्मान यांतलाही भेद येथें ओळखला पाहिजे. कांहीं यंत्रें झिजल्यामुळें जुनीं होतात. कांहीं कोणी तरी तसें ठरविल्यामुळें जुनीं होतात. विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादींतला प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट असलेलीं पुष्कळ यंत्रें एका तारखेला म्हातारीं ठरलीं. सुरक्षेचें कारण खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आपली गरज आपल्या कामांतून उत्पन्न झाली कीं दुसऱ्याच्या वेळापत्रकांतून, हें ओळखल्यावांचून खिशांत हात घालूं नये. लिनक्स ही मोफत प्रणाली अशा यंत्रांवर चालते व तिच्यावर पुष्कळ खेळही चालतात. कांहीं स्पर्धेचे खेळ मात्र चालत नाहींत. ज्याला तेच खेळ हवे असतील त्याची गरज खरी. ज्याला नको असतील त्याला हें फर्मान बंधनकारक नाहीं.

एकेक करून सर्व भाग बदलले तर संगणक तोच राहिला काय, हा कूटप्रश्न मुलें गमतीनें विचारतात. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजाला विचारतो कीं, दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. रथ हें त्या भागांच्या जुळणीला दिलेलें नांव आहे. परळीच्या केंद्रांतील आरंभींचे लहान संच निवृत्त झाले व आज तेथें २५० मेगावॉटचे संच आहेत, तरी लोक त्याला परळीचें केंद्रच म्हणतात. ग्रीकांनीं हाच प्रश्न थीसिअसच्या नौकेविषयीं घातला. त्यांत हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञानें सतराव्या शतकांत एक मार्मिक भर घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची पुन्हां नौका बांधली तर खरी नौका कोणती?

तत्त्वज्ञाला हें कोडें वाटतें. गृहस्थाला तें कर्तव्य वाटावें असें आम्हांस वाटतें. आपण नौका नवी करीत असतांना जुन्या फळ्या कोठें जातात हें पाहण्याची जबाबदारी आपलीच आहे. थोरल्याचें जुनें कार्ड व काढलेली रॅम यांतून धाकट्या बहिणीच्या अभ्यासाचा संगणक उभा राहूं शकतो. तसें नसेल तर सुटे भाग वापरलेल्या मालाच्या बाजारांत विकतां येतात. आणि जें सर्वस्वीं निकामी झालें तें अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जावें. त्याकरितां केंद्र सरकारचे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. नाहीं तर तो पाट दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तींत जातो, आणि तेथें आमच्याच मुलांच्या वयाचीं मुलें त्यांतलें तांबें काढण्याकरितां विषारी धूर श्वासांत घेतात. हाही भारच आहे. तो आपल्या नजरेआड सरकलेला असतो इतकेंच.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. अशक्त भागाकडे आधीं लक्ष द्यावें हें तत्त्व खरें असेल तर तें घरालाही लावा, असें एखादे वडील म्हणतील. आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, मुलीची वसतिगृहाची फी भरावयाची आहे. अशा घरांत खेळाच्या यंत्राची पाळी यावीच कशाला? आजीच्या डोळ्यांआधीं कार्ड यावें असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु हें तत्त्व घराला जसेंच्या तसें लावल्यास एक अनर्थ होतो: घरांत सर्वांत निकडीची गरज नेहमींच कोणती तरी असते, त्यामुळें खेळाची पाळी कधींच येत नाहीं, आणि ज्याचें वय खेळाचें त्याचें वय निघून जातें. यंत्राचे भाग एकाच हेतूचीं साधनें असतात. त्यांतल्या कोणाचा स्वतंत्र हक्क नसतो. घरांतलीं माणसें एकमेकांचीं साधनें नव्हेत. प्रत्येकाला आपला वाटा आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या वाट्यांत निर्मळ खेळही येतो. म्हणून यंत्राच्या आंत उणिवेचा नियम चालवावा व माणसांमध्यें वाट्याचा नियम चालवावा. गाडींत बैलालाही एक भाग समजलें गेलें, तेथेंच त्या सुधारणेचें पाऊल वांकडें पडलें.

याच कारणास्तव हप्त्यांवर घेतलेल्या कार्डाविषयीं आम्ही साशंक आहों. या जिल्ह्याला उचल या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. मुकादमाकडून हंगामाच्या आधीं घेतलेली रक्कम माणसाचे पुढचे सहा महिने विकत घेते. मध्यमवर्गीयाच्या हप्त्यांची त्या दारुण उचलीशीं बरोबरी करणें हा ऊसतोड्यांचा उपमर्द होईल. तरीही दोहोंत एक गोष्ट समान आहे: आजच्या वस्तूचा भार उद्याच्या माणसावर टाकला जातो, आणि उद्याच्या माणसाला विचारण्याची सोय नसते. भुकेला दुसरा मार्ग नव्हता. खेळाला थांबण्याचा मार्ग नेहमीं असतो, आणि कांहीं महिने थांबल्यानें मागल्या वर्षीचा खेळही स्वस्त होतो व मागल्या वर्षीचें कार्डही बहुधा उतरतें.

तात्पर्य, निर्णय कसा व्हावा? वडिलांनीं प्रथम रक्कम ठरवावी व ती मोकळेपणानें सांगावी. त्या रकमेंत काय करावें हें ठरविणें मुलाकडे सोंपवावें. पण त्यानें पेटी स्वच्छ करून, परीक्षा करून, कोणता भाग कशावरून अडतो आहे, तो बदलल्यावर भार कोणत्या भागावर जाईल, आणि निघालेला भाग कोठें जाईल, हें एका कागदावर लिहून आणावें. इतकें केल्यावर त्याचा निष्कर्ष वडिलांना आवडला नाहीं तरी त्यांनीं शब्द पाळावा, कारण विवेकानें केलेल्या मागणीला हट्टाइतकीच किंमत मिळते असें एकदां दिसलें कीं मुलें हट्टाकडेच वळतात. यांतून कदाचित् नवें कार्ड येईल, कदाचित् नुसती एसएसडी येईल, कदाचित् चार चिमट्या लेपावरच भागेल. तीनही निकाल सारखेच चांगले आहेत. पुढें याच मुलाच्या हातीं एखादें शेत, एखादी शाळा किंवा एखादा कारखाना येईल, आणि तेथें भार कोणावर सरकतो आहे हें पाहण्याची संवय त्याला त्या वेळीं नव्यानें लावतां येणार नाहीं.